ऑनलाइन परीक्षा देताना: आमच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा संगणक वर्ग आहे. टायपिंग, अर्ज भरणं, सराव परीक्षा, हॉल तिकिटाच्या प्रिंटा, सगळं एकाच खोलीत चालतं. सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, दिवसांत शटर उघडायच्या आधीच पायरीवर दोन-तीन लेकरं बसलेली असतात. मधे काही वेळा मोठ्या केंद्रावरच्या लॅबमध्ये मदतीला उभा राहिलो. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगतो, आपली पोरं अभ्यासात कमी पडत नाहीत, संकोचामुळे मागं पडतात. माउस चालेना तरी पाच-पाच मिनिटं गप बसून राहतात. खालचे प्रश्न पोरांनी आणि पालकांनी विचारलेलेच आहेत, शब्द तेवढे थोडे सावरून घेतलेत.

सर, फॉर्म कॅफेवाल्यानं भरला. मोबाइल नंबर आणि ईमेल बी त्याचाच टाकलाय. काही अडचण येईल का?

येईल, आणि नेमकी नको त्या दिवशी येईल. हॉल तिकीट, दुरुस्तीची सूचना, निकाल, प्रवेश फेरीचा ओटीपी, सगळं त्या नंबरवर जातं. सुरुवातीच्या वर्षांत हा उद्योग मी स्वतः केलाय. ज्याच्याकडे ईमेल नाही त्याला माझाच टाकून द्यायचो. एकदा प्रवेश फेरीच्या शेवटच्या दिवशी एका पोराला ओटीपी हवा होता आणि मी लग्नाला गेलेलो, डोंगरातल्या गावात, फोनला रेंज नाही. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा ते लेकरू दुकानाच्या पायरीवर बसलेलं होतं. तेव्हापासून आधी ईमेल काढून देतो, मग फॉर्मला हात लावतो.

नंबर घरातला द्या, आणि वर्षभर रिचार्ज चालू राहील असाच द्या. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलेला पासवर्ड मोबाइल फुटला की जातो.

आधारवर नाव एक आणि दहावीच्या मार्कमेमोवर दुसरं. कोणतं टाकावं?

दहावीचं. बहुतेक अर्जात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे गोंधळ होतो तो क्रमाचा: बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. क्रमाचा फरक फारसा नडत नाही. स्पेलिंगचा फरक नडतो. वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘विठ्ठल’ आणि दुसरीकडे ‘विठ्ठलराव’ असेल तर आधार आधीच दुरुस्त करून घ्या. अर्जाची तारीख आठवड्यावर आली की आधार केंद्रापुढची रांग लांबलचक झालेली असते.

केंद्राच्या यादीत छत्रपती संभाजीनगर सापडत नाही. औरंगाबाद टाकू का?

थांबा, आधी राज्य बघा. बिहारमध्येही औरंगाबाद आहे. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यांची नावं बदलली, पण सगळ्याच पोर्टलवर ती एकाच वेळी बदलली नाहीत. म्हणून आधी महाराष्ट्र निवडा, मग शहर. उस्मानाबाद-धाराशिवचंही तसंच. जुन्या नावाचा दाखला असेल तर घाबरू नका, फक्त अर्जात जे नाव यादीत दिसतं तेच निवडा.

माझं लेकरू पहिल्यांदाच संभाजीनगरला परीक्षेला जायलंय. आदल्या दिवशीच न्यावं का?

सकाळची शिफ्ट असेल तर हो. जेईई मेनची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, पहिली शिफ्ट ९ ते १२ असते आणि फाटक ८.३० ला बंद होतं. दुसरी ३ ते ६, फाटक २.३० ला बंद. एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत, आणि दारावरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. हिंगोली-किनवटकडून पहाटेच्या एसटीच्या भरवशावर निघू नका. रेल्वेचं तर बोलायलाच नको.

आदल्या दिवशी पोहोचलात तर संध्याकाळी एकदा केंद्राची इमारत बघून या. बरीच केंद्रं शहराबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असतात. एकाच संस्थेची तीन कॉलेजं असतात, नावं सारखीच, दारं वेगळी. रिक्षावाला तुम्हाला त्यातल्या सर्वात जवळच्या दारावर सोडतो.

सोबत काय न्यायचं?

हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, सांगितलं असेल तर फोटो. हॉल तिकिटावरच्या सूचना आदल्या दिवशी सकाळी वाचा, रात्री अकराला वाचून उपयोग नाही, झेरॉक्सची दुकानं बंद झालेली असतात. घड्याळ, मोबाइल, कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. हातातला गंडा, करगोटा, कानातलं यावरून तपासणीत वेळ जातो, म्हणून काढता येण्यासारखं असेल ते घरीच ठेवा.

सर, प्रश्नाचं उत्तर टिक केलं होतं, तरी ‘नॉट आन्सर्ड’ दाखवलं. कामून?

माझ्याकडे सर्वात जास्त गुण याच एका चुकीत गेलेले दिसलेत, म्हणून जरा सविस्तर.

पडद्यावर चार पर्याय असतात. तुम्ही एका गोलात टिचकी मारली, गोल भरला. तुमच्या मनात उत्तर दिलं गेलं, पण संगणकाच्या लेखी अजून नाही. खाली ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ बटण असतं, ते दाबल्यावरच उत्तर जमा होतं. पोरं काय करतात? गोल भरतात आणि उजवीकडच्या प्रश्नक्रमांकांच्या पेटीतून थेट पुढच्या प्रश्नावर उडी मारतात. जेईई घेणाऱ्या एनटीएच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की क्रमांकावर टिचकी मारून दुसरीकडे गेलात तर चालू प्रश्नाचं उत्तर जमा होत नाही. ते वाक्य कुणी वाचत नाही, कारण सूचनांच्या पानावर सगळ्यांचं लक्ष ‘मी सूचना वाचल्या आहेत’ या चौकटीकडेच असतं.

कागदाच्या सवयीमुळे हे होतं. ओएमआरच्या छापील उत्तरपत्रिकेवर गोल काळा केला की काम संपतं. इथं गोल भरणं म्हणजे नुसतं पाटीवर लिहिणं झालं, गुरुजींना पाटी दाखवायची अजून बाकी आहे. सराव करताना दर वेळी बटण दाबायची सवय हाताला लावा, डोक्याच्या आठवणीवर सोडू नका.

उत्तर खोडायचं असेल तर ‘क्लिअर रिस्पॉन्स’ दाबा. भरलेल्या गोलावर पुन्हा टिचकी मारून सगळीकडे खोडलं जात नाही.

जांभळा रंग आला म्हणजे मार्क मिळणार नाहीत का?

जेईई मेनच्या पद्धतीत हिरवा म्हणजे उत्तर दिलं, लाल म्हणजे प्रश्न पाहिला पण उत्तर दिलं नाही, नुसता जांभळा म्हणजे उत्तर न देता परत बघायला ठेवला. जांभळ्यावर हिरवी खूण असेल तर उत्तर दिलंय आणि परत बघायचंही आहे. हे शेवटचं उत्तर तपासलं जातं, घाबरू नका. नुसत्या जांभळ्याचे गुण मात्र शून्य.

माझा स्वतःचा सल्ला: जांभळ्याचा मोह कमी ठेवा. मी पाहिलंय, हुशार पोरगी वीस प्रश्न जांभळे करून ठेवते आणि शेवटच्या दहा मिनिटांत पेटीकडे बघून तिला घाम फुटतो.

सीईटीत भौतिकशास्त्र राहिलं तर शेवटी परत येता येतं का?

नाही. एमएचटी-सीईटीचे, म्हणजे आपल्या सीईटीचे, दोन भाग असतात. आधी भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. ती संपली की तो भाग बंद. मग गणित ५० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटं, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा. जीवशास्त्रवाल्यांना गणिताच्या जागी जीवशास्त्राचे १०० प्रश्न. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद आणि गणितात १०८ सेकंद. जेईई मेनचे तीन तास मात्र एकसलग असतात, तिथं विषय मागेपुढे करता येतात. दोन्ही परीक्षा देणारी पोरं इथंच फसतात: जेईईची सवय घेऊन सीईटीला बसतात, ‘फिजिक्स शेवटी बघू’ म्हणतात आणि शेवट दीड तास आधीच येऊन जातो.

बँकेच्या पूर्वपरीक्षेतही विभागवार वेळ असते.

येत नसेल तर अंदाजे ठोकावं का?

हे परीक्षेवर अवलंबून आहे आणि गणित करून बघण्यासारखं आहे.

सीईटीला उणे गुण नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेतही नव्हते. अशा ठिकाणी एकही प्रश्न कोरा सोडून उठणं म्हणजे पिकलेलं शेत न कापता घरी येणं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि उरलेले सगळे भरून टाका, ‘सेव्ह’ सकट.

जेईई मेनला बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तर चारातलं एक बरोबर येईल असं धरू: ४ मिळाले, ३ गेले, चार प्रश्नांत १ गुण हातात. हिशेबानं फायदा दिसतो, पण तो सरासरीचा फायदा आहे. तुमच्या नशिबी चारही चूक येऊ शकतात. एक पर्याय खात्रीनं चूक आहे हे कळलं तर धाडस करा, नाहीतर राहू द्या. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर आकड्यांत टाइप करायचं असतं, तिथं अंदाजाला काही अर्थच नाही. आता त्यांनाही उणे गुण आहेत.

आयबीपीएसला, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षेला, पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा. पाच ठोकले तर १ मिळतो, चार चुकांचा १ जातो, हातात शून्य. बँकेची तयारी करणाऱ्या पोरांना हे फळ्यावर करून दाखवल्यावर वर्गात एकदम शांतता पसरते.

मराठीत पेपर घेतला तर तोटा होतो का?

मराठी माध्यमातून शिकलात तर मराठी घ्या, लाज कसली? जेईई मेन १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. पण एक लक्षात ठेवा, भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो. म्हणून एखादा प्रश्न मराठीत विचित्र वाटला तर त्याचा इंग्रजी मजकूर बघा. सीईटीत गणित इंग्रजीतच येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या लेकरांनी गणितातले इंग्रजी शब्द वेगळे पाठ करावेत. ‘लंबवृत्त’ माहीत असतं, ‘इलिप्स’ दिसलं की हात थबकतो.

माउस अडकला, पडदा काळा झाला, लाइट गेली. मग काय करायचं?

हात वर करायचा. लगेच.

हे इतकं सोपं आहे की लिहायलाही संकोच वाटतो, तरी लिहितो, कारण हेच होत नाही. एका केंद्रावर मी मागच्या रांगेत उभा होतो. सेलूकडची एक मुलगी, कॉलेजात पहिली येणारी, माउस दोन्ही हातांनी टेबलावर घासत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, “काही नाही सर, माझ्यानंच चालेना.” माउसची वायर सैल होती. तिची चार मिनिटं गेली होती आणि ती माझीच माफी मागत होती.

यंत्र बिघडलं तर तो तुमचा दोष नाही. केंद्रावर जादा संगणक ठेवलेले असतात. पर्यवेक्षक तुम्हाला दुसऱ्या जागी बसवतात, आधी जमा केलेली उत्तरं तिथं तशीच दिसतात आणि वेळही जिथं थांबला तिथून पुढं चालतो. म्हणूनच प्रत्येक उत्तर जागच्या जागी सेव्ह करायचं. मे महिन्यात अवकाळीचं वारं सुटलं की आपल्याकडं लाइट जातेच, त्यासाठी केंद्रावर जनरेटर असतो.

मात्र अडचण तेव्हाच सांगितली तर. माउस हळू चालतोय, पडद्यावर रेघा आहेत, शेजारचा मोठ्यानं पुटपुटतोय, हे पेपर सुटल्यावर सांगून कुणी वेळ वाढवून देत नाही. पेपर सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बसवतात, तेव्हाच माउस चारही कोपऱ्यांत फिरवून बघा, पडद्यावरचं नाव आणि फोटो तुमचाच आहे ना ते बघा. कीबोर्डला हात लावू नका असं सांगितलं असेल तर लावू नका, काही ठिकाणी बटण दाबलं की पडदाच अडकतो. शब्द सुचत नसतील तर एवढंच म्हणा: “सर, माउस चालेना.” शुद्ध भाषेची परीक्षा नाही ती.

कागदावर सगळं येतं, पडद्यावर डोकंच चालत नाही.

सवय नाही, दुसरं काही नाही. पडद्यावर प्रश्न लांब असला की शेवटचा पर्याय खाली लपतो, सरकपट्टी ओढावी लागते. आकृतीवर पेन्सिलीनं रेघ मारता येत नाही, ती कच्च्या कागदावर उतरवून घ्यावी लागते. मान वर-खाली, वर-खाली होते आणि उतरवताना ६ चा ९ होतो. कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांक टाकून, चौकट आखून काम करा. परत तपासायला आलात तर सापडतं.

एनटीए आणि सीईटी घेणारा सीईटी सेल, दोघांच्याही संकेतस्थळांवर सराव परीक्षा मिळतात. त्या मोबाइलवर झोपून देऊ नका. आठवड्यातून एकदा खुर्चीत ताठ बसून, माउस धरून, पूर्ण वेळ लावून द्या. घरी संगणक नसेल तर गावातल्या कुठल्याही वर्गात तासाच्या भाड्यानं मिळतो.

परीक्षा घरूनच, मोबाइलवर आहे. काय काळजी घ्यावी?

२०२० च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा अशाच झाल्या, तेव्हा अर्धं गाव धाब्यावर होतं. घराच्या धाब्यावर म्हणतोय, तिथंच रेंज यायची. एका पोरानं बांधावरच्या लिंबाखाली बसून पेपर दिला, तो पास झाला, शेळीनं हॉल तिकीट मात्र खाल्लं.

घरच्या परीक्षेतली मुख्य अडचण म्हणजे येणारा फोन. मामाचा फोन आला की परीक्षेचा पडदा मागं जातो आणि देखरेख करणारं सॉफ्टवेअर ते ‘खिडकी सोडली’ असं नोंदवतं. काही परीक्षांत ठरावीक वेळा असं झालं की पेपर आपोआप बंद होतो. म्हणून परीक्षेचा फोन विमान मोडवर ठेवून वायफाय चालू करा आणि इंटरनेट दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्या. दुसरा फोन नसेल तर कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ठेवा. व्हॉट्सॲपच्या सूचना बंद. चार्जिंग पूर्ण. कॅमेऱ्यावर तोंड दिसायला हवं असेल तर खिडकीकडं तोंड करून बसा, पाठ करून बसलात तर नुसती काळी सावली दिसते. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आजी मागून येऊन “चहा घेतो का रे?” विचारते आणि कॅमेऱ्यात दुसरं माणूस नोंदलं जातं.

उत्तरं कागदावर लिहून पीडीएफ पाठवायची आहे.

पानांवर क्रमांक घाला, उजेडात फोटो काढा, स्कॅनचं ॲप आदल्या दिवशी वापरून बघा. किती एमबीपर्यंत चालतं ते आधी वाचा. मित्राला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून त्याच्याकडून पीडीएफ करून घेऊ नका, अक्षरं फुटतात. शेवटच्या दहा मिनिटांत सगळा जिल्हा एकदम फाइल चढवत असतो, त्या गर्दीत जाऊ नका.

माझी शिफ्ट अवघड होती, मैत्रिणीची सोपी. हा अन्याय नाही का?

म्हणूनच नुसते गुण न बघता पर्सेंटाइल काढतात. तुमच्या शिफ्टमध्ये २०,००० जण होते आणि त्यातल्या १९,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ९५. तुलना तुमच्याच शिफ्टशी होते, मैत्रिणीच्या नाही. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत, हे आजोबांनाही समजावून ठेवा, पेढे वाटताना गोंधळ होतो.

उत्तरतालिका आल्यावर माझी सगळीच उत्तरं चूक दिसायलीत!

बहुतेक तसं नसतं. प्रत्येकाच्या पडद्यावर पर्यायांचा क्रम वेगळा असू शकतो. जेईईच्या तालिकेत १, २, ३, ४ जुळवू नका, प्रश्नाचा आणि पर्यायाचा ओळख क्रमांक जुळवा. तालिकाच चुकली असं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून आक्षेप घेता येतो. तुमचा उत्तरांचा कागद डाउनलोड करून ठेवा, काही दिवसांनी तो काढून टाकतात.

एक जण म्हणतोय, पैसे दे, सेटिंग लावतो.

त्याचा नंबर ब्लॉक करा. २१ जून २०२४ पासून केंद्राचा सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा लागू आहे. त्यात ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, टोळीनं केलं तर ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी. एनटीए, रेल्वे, बँक भरती त्यात येतात. विद्यार्थ्याला परीक्षा मंडळाच्या नियमांप्रमाणे बाद करतात. पैसे बुडतात ते वेगळेच, आणि तक्रार तरी कुठल्या तोंडानं देणार?

तुमच्याकडे सराव परीक्षा कधी असते?

रविवारी सकाळी ९ ला, खऱ्या परीक्षेच्याच वेळेला. दार ८.३० ला लावून घेतो. आणि एका माउसची वायर मी मुद्दाम सैल ठेवतो. कोणत्या, ते दर रविवारी बदलतं. कोण हात वर करतं ते मागं उभा राहून बघतो.